पाचव्या आकड्याचा फोटो

ते प्रकरण अजून माझ्या मनातून गेलेले नाही. लढाईचे दिवस होते. मी जळगावला फौजदार होतो आणि नोकरीला जेमतेम सहा वर्षे झाली होती. एका सकाळी गावातले एक फोटोग्राफर ठाण्यात आले. पन्नाशीचे, काळ्या कोटातले, कमी बोलणारे गृहस्थ. बोदवड स्टेशनवर गाडीची वाट पाहताना बाकावर त्यांचा डोळा लागला होता आणि तेवढ्यात जवळची पिशवी गेली. पिशवीत त्यांचा जर्मन बनावटीचा घडीचा कॅमेरा होता. मिटला की जाड पोथीएवढा, कोटाच्या खिशात मावणारा. झाकण उघडले की काच काळ्या चामड्याच्या भात्यावर पुढे सरकायची. लढाईमुळे जर्मन माल बंद झाला होता. असा दुसरा आता मिळायचा नाही, हे त्यांनी मला तीनदा सांगितले.

"आत फिल्म होती?" मी विचारले.

"होती. आठ फोटोंची गुंडाळी. पाच काढून झाले होते. मागे लाल काचेची बारकी खिडकी आहे, तिच्यात पाचचा आकडा दिसेल."

"कसले फोटो?"

"चार लग्नाचे. पाचवा एका मयत बाईचा."

बोदवडजवळच्या एका खेड्यात ते लग्नाचे फोटो काढायला गेले होते. दुसऱ्या दिवशी निघताना एक म्हातारे हात जोडून पुढे आले. गाव त्यांना आबा म्हणत असे. त्यांची सून पहाटे तापाने गेली होती. तिचा एकही फोटो नव्हता, एक तरी काढून द्या म्हणाले. बाज अंगणात उजेडात आणली. तोंडावर पदर होता, तो फोटोग्राफरांनी एका बाईला बाजूला करायला सांगितला आणि खटका दाबला. तेवढ्यात बाईचा नवरा धावत आला, त्याने पदर पुन्हा ओढून घेतला आणि "बस झालं!" म्हणून ओरडला. दुःखाने ओरडला असेल, असे त्यांना वाटले. मलाही तसेच वाटले. मी चोरीची फिर्याद नोंदवली आणि रेल्वेच्या नेहमीच्या उचल्यांना बोलावून घ्यायला हवालदाराला सांगितले. चार दिवस आम्ही भलत्याच माणसांना उन्हात बसवून ठेवले.

आठवड्याने धुळ्याहून कळवले गेले, की देवपुरातल्या एका घड्याळजीकडे जर्मन अक्षरांचा कॅमेरा आला आहे. तिथल्या पोलिसांना हेरगिरीचा संशय होता. मी चाळीसगावमार्गे धुळे गाठले. घड्याळजी घाबरून अर्धा झाला होता.

"साहेब, हाई जर्मन वस्तू शे. माले ठेवानं भ्याव वाटस," तो म्हणाला. गिऱ्हाइकाने त्याला सांगितले होते, आतला फोटो काढून दे. यात तयार फोटो नसतो, फिल्मला उजेड लागला तर सगळे जाते, हे घड्याळजीने त्याला समजावले, गुरुवारी ये म्हणून परत पाठवले आणि चौकीवर येऊन कळवले. त्याने कॅमेरा उघडला नव्हता. मी मागची खिडकी पाहिली. पाचचा आकडा होता.

गुरुवारी तो माणूस आला. पंचविशीचा, धडधाकट, दाढी वाढलेला शेतकरी. देवपुरात बहिणीकडे उतरला होता. गावाचे नाव विचारले, तेव्हा त्याने तेच खेडे सांगितले. मग मात्र मी सावध झालो.

चौकशी तिथल्याच ठाण्यात, दुपारी केली. हात उगारायचा नाही, असे मी बरोबरच्या शिपायाला बजावले होते. मार खाल्लेला माणूस आपल्याला हवे ते बोलतो, खरे बोलतोच असे नाही. मी कॅमेरा टेबलावर आमच्या दोघांच्या मध्ये ठेवला आणि बराच वेळ गावाकडच्या केळी-कपाशीचे विचारत राहिलो. तो नीट उत्तरे देत होता. कॅमेरा स्टेशनवर एका अनोळखी माणसाकडून घेतला, हे त्याने दोनदा सारख्याच शब्दांत सांगितले. पाठ केलेले सारखेच येते.

"ठीक आहे. मग आत काय आहे ते पाहू," असे म्हणून मी मागच्या खटक्यावर बोट ठेवले.

तो उभा राहिला. "नका उघडू, साहेब! उजेड लागला तर तिचा फोटो जाईन!"

मी बोट काढले.

"कुणाचा?"

तो खाली बसला आणि गुडघ्यांत डोके घालून रडू लागला. मग हळूहळू सगळे आले. बायकोची आई माहेरी, धुळ्याकडच्या एका गावात, आजारी होती. बायको जायचे म्हणत होती, हा नाही म्हणत होता. त्या पहाटे ती न विचारता निघाली. याने मागून पदर ओढला, गळ्याशी पिळला आणि राग उतरेपर्यंत सोडला नाही. घरात ताप सांगितला. पोलीस पाटलानेही तापच लिहिला. माहेरची माणसे पोचायच्या आत अग्नी दिला. मग फोटोच्या धास्तीने स्टेशन गाठले आणि झोपलेल्या फोटोग्राफरांची पिशवी उचलली.

"कॅमेरा नदीत का नाही टाकलास?" मी विचारले.

"टाकायलेच निघालो व्हतो," तो म्हणाला. "पण तिचा दुसरा फोटोच नाही."

पोलिसापुढची कबुली कोर्टात चालत नाही. त्याला मॅजिस्ट्रेटपुढे उभे केले, तिथे त्याने तेच सांगितले. कॅमेरा जळगावला नेऊन फोटोग्राफरांच्या अंधाऱ्या खोलीत, लाल दिव्याखाली, दोन पंचांसमोर फिल्म धुतली. पाचवा फोटो स्वच्छ आला. शांत चेहरा, आणि गळ्याभोवती तिरपा काळा वळ. खटका दाबणाऱ्या फोटोग्राफरांनाही तो तेव्हा दिसला नव्हता, कारण त्यांची नजर चेहऱ्यावर होती.

खटल्यात आबांची साक्ष झाली. फोटो काढायला कुणी बोलावले, असे वकिलाने विचारले. "मीच बोलावलं व्हतं," ते म्हणाले. नंतर कोर्टाच्या आवारात निंबाखाली ते संध्याकाळपर्यंत एकटे बसून होते. मी पाणी पाठवले, त्यांनी घेतले नाही. मुलाला दहा वर्षे सक्तमजुरी झाली.

खटला सुरू होण्याआधीची एक गोष्ट राहिली. मुलीची आई आजारातून उठून जळगावला ठाण्यात आली होती. "मनी पोरनं तोंड माले एक डाव दखाडा, भाऊ," पोरीचे तोंड एकदा पाहायचे, एवढेच तिचे मागणे होते. तिचे डोळे अधू झाले होते, भिंत चाचपत ती आत आली. मी सांगितले, फोटो मुद्देमालात आहे, सील झाला आहे, निकालानंतर या. ती वाद न घालता निघून गेली. नियमाने वागलो, या समाधानात मी जेवलो.

निकालानंतर अपील झाले, कागद मुंबईला गेले, ते परत यायला दीड वर्ष लागले. मग मी रीतसर परवानगी काढली, फोटोग्राफरांकडून फक्त चेहऱ्याची प्रत करून घेतली आणि तिच्या गावी गेलो. ती ओट्यावर बसली होती. फोटो हातात दिला. तिने तो उलटसुलट केला, कागदावरून बोटे फिरवली.

"माले आते काहीच दिसत नई, भाऊ," ती म्हणाली. "तुम्हीच सांगा. कपायले कुंकू शे का?"

"आहे," मी म्हणालो. "मोठं, गोल आहे."

"डोया मिटेल शेत?"

"मिटलेले आहेत. झोपल्यासारखी दिसते."

"दुखेल दिसस का तिले?"

आयुष्यभर मी पंचनामे लिहिले. जे दिसेल ते लिहायचे, कमी नाही, जास्त नाही. त्या बाईपुढे मी म्हणालो, "नाही."

पुढे मी कितीतरी गुन्हे उघडकीस आणले, बक्षिसेही मिळाली. लोक मला विचारतात, त्या प्रकरणात तुम्ही काय शिकलात. गुन्हेगाराबद्दल फारसे काही नाही. सील फोडून, पंचांसमोर पुन्हा सील करायला अर्धा तास लागला असता. ती पहिल्यांदा आली तेव्हा तिला थोडे दिसत होते.