चेकिंग भाऊंचं, गाणं बाईंचं

ती घटना आठवली की आजही आधी हसू येतं, मग थोडी लाज वाटते.

कॅसेटचे दिवस होते. मी कोल्हारच्या बाजूला पोलीस ठाणं सांभाळत होतो. भीमजयंती आठ दिवसांवर असताना भीमगीतं गाणाऱ्या एक बाई आणि त्यांचे पेटी वाजवणारे यजमान ठाण्यात आले. यजमानांना सगळे भाऊ म्हणत. मागे निम्मी वस्ती. "साहेब, रेकॉर्डिंगवाल्यानं घात केला," भाऊ म्हणाले. "हिची पहिलीच कॅसेट, पार आवाज फाडून ठिवला. जयंतीला काय वाजवायचं?" मी अर्ज दाखल करून घेतला.

कॅसेट ऐकली. हलक्या ओळी स्वच्छ, बाईंनी सूर चढवला की नुसती खरखर. खबऱ्याने बातमी आणली की रेकॉर्डिंगवाला चढाओढीतल्या दुसऱ्या गायन पार्टीच्या गायकाबरोबर भेळ खाताना दिसला. मला वाटलं, धागा सापडला.

त्याला चौकशीला बसवलं. लपवणारा माणूस बहुधा जास्त बोलतो. हा एकाच वाक्यावर अडून बसला. "भेळ खाल्ली, साहेब. पर माइकचं चेकिंग झाल्यावर बटनाला हात बी लावला न्हाई. टेप चालू असताना हात लावायचा न्हाई, आसं वस्तादानं शिकिवलंय."

मग पंच घेऊन त्याच्या खोलीवर गेलो. मिक्सरवर माइकचा आवाज किती आत घ्यायचा याचं एक बटन होतं. जास्त झालं की मीटरचा काटा लाल पट्टीत जातो आणि आवाज फाटतो. "त्या दिवशी केलं तसंच करा," मी म्हणालो. भाऊ सवयीने पुढे झाले, "हॅलो, माइक टेस्टिंग, वन टू थ्री." भाऊंचा आवाज अगदी नाजूक. रेकॉर्डिंगवाल्याने बटन चांगलंच चढवलं. मग बाई आल्या आणि मैदानात लावतात तसा सूर लावला. काटा थेट लाल पट्टीत.

"बाईंच्या आवाजात का नाही तपासलं?"

"चेकिंग भाऊच करत्यात, साहेब. बाईमानसाला हॅलो हॅलो कसं म्हनायला लावू?"

बाई तेव्हा कुठे बोलल्या, "चेकिंग ह्यांचं आन् गानं माझं! मला कुनी इचारलं का?"

पंचसुद्धा हसू लागले. बाईंना सगळ्यात चढी ओळ गायला लावून बटन खाली घेतलं. दोन दिवसांत नवी कॅसेट झाली आणि जयंतीला वस्तीवस्तीत वाजली.

तक्रार मिटल्याचा जबाब घ्यायला दोघांना बोलावलं, तर भाऊच सांगू लागले. तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. बाईंचा अर्जही मी भाऊंच्याच तोंडून लिहून घेतला होता! ठाण्यात बाई आली की मी सोबतच्या पुरुषाकडे पाहून 'सांगा' म्हणायचो. रेकॉर्डिंगवाल्याला कोणत्या तोंडाने बोलणार? खुर्ची बाईंकडे सरकवली आणि म्हणालो, "बाई, तुम्ही सांगा." त्या अशा सुटल्या की लिहून घेताना आमच्या हवालदाराचा हात दुखला.

पुढे निवृत्तीपर्यंत बाईची तक्रार मी बाईकडूनच ऐकली. हकीगत बऱ्याचदा वेगळीच निघाली. त्याआधीची किती प्रकरणं मी चुकीची लिहिली असतील, देव जाणे.