पयली बादली

मेडशीहून एसटीत बसलो तवा मायच्या मांडीवर स्टो होता, माह्या मांडीवर पिठाचा डबा, अन् बाबाच्या तोंडाले कुलूप. बाबाले वाशिमच्या हापिसात चपराशाची नोकरी लागली होती. मी कंडक्टरची नक्कल करून मायले हसवाले गेलो, त बाबा कानापाशी म्हने, "तिथं तोंड आवरजो. कोनी इचारलं त मेडशीचे म्हनाचं. पुढचं सांगाचं नाई."

मेडशीच्या आपल्या वस्तीवाल्यांनो, तुमाले वाटते शयरात कोनी कोनाले इचारत नाई. अबे, घरमालकानं खोली दाखवाच्या आंधी आडनाव इचारलं! बाबा घाबरले अन् "मेडशीकर" म्हनून गेले. तवापासून आमी मेडशीकर. बुद्धाची तसबीर पेटीत, लुगड्याखाली. मी सगळ्या गल्लीची नक्कल करो, पन दार वाजलं का पयले पेटीकडे पाहो.

गल्लीत एक जुनी विहीर होती, कचऱ्यानं बुजलेली. पानी लय दुरून आना लागे. शेवटी बाजूची गंगामावशी उठली. माळ्याची बाई, विहिरीले लागूनच तिचे पालकाचे वाफे. म्हने, "कोनाची वाट पाह्याची? घरटी एक मानूस द्या. गाळ माह्या वाफ्यात टाका, धुन्याचं पानीबी तिकडंच काढू. वाया काई जाऊ द्याचं नाई."

आमच्या घरून मी. सगळ्यात हडकुळा, म्हनून खाली मलेच सोडलं. दोर गल्लीतल्या शिंपीचाचाच्या हातात. खाली अंधार, वास, अन् वर आभायाचा रुपयाएवढा तुकडा. भेव जावं म्हनून मी घरमालकाची नक्कल केली, "कवाड हळू लाव रे, पोट्ट्या!" वर सगळे खदखदले. चाचा म्हने, "अरे शैतान, हंसा मत, रस्सी छूट जाएगी!"

तवाच कुदळीखालून गार पानी पायाले लागलं. मी ओरडलो. वर गंगामावशी म्हने, "ज्याचं पोरगं खाली, त्याच्या घरची बादली पयली. ये वं, मेडशीकरीन!"

माय आलीच नाई. मेडशीत विहिरीपासून आपन दूर उभे राहो, कोनी वरून ओतलं त भरो. तिचे पाय तिथंच अडले असतीन. मंग तिचा आवाज आयकू आला.

"बाई, आमी मेडशीकर नाई. आमी बौद्ध आहो. उद्या मालूम पडून भांडान करसान, त आजच सांगतो."

पानी माह्या घोट्यावर आलं, मंग पोटरीवर. दोर ढिला पडला. चाचाचा हात सुटला का काय? मले कोनाचाच आवाज काढता येईना, माह्या सोताचाबी नाई.

मंग गंगामावशी बोलली, "सांगतलं ना? आता धर बादली. पोरगं गारठून राह्यलं खाली."

दोर ताठ झाला.

घरमालक काई आमच्या विहिरीवर आला नाई. अजूनबी दुरून पानी आनते, अन् आमाले खोली सोडा म्हनते. गल्लीनं सांगतलं, हे राह्यतीन. कवापर्यंत, मालूम नाई. तसबीर भिंतीवर लावली.

माय आता पयली बादली काढते, पन काढाच्या आंधी एकदा मांगं पाह्यते. मीबी पाह्यतो. गाव आठवते तुमच्यासाठी, मेडशीच्या त्या विहिरीसाठी नाई. आता घर कोनतं इचारसान, त ज्या दिवशी माय मांगं न पाह्यता पानी भरीन, त्या दिवशी सांगतो.