आहे तशी परत द्यावी

परत आलेली कॅसेट आबामामा आधी उजेडाला धरत. गिऱ्हाईक समोर उभं असलं तरी त्याच्याकडे नंतर. एक डोळा बारीक करून कॅसेटच्या खिडकीतून बघत, डावीकडची फीत किती उरलीय आणि उजवीकडे किती गेलीय. मग म्हणत, "हं." त्या एका 'हं'मध्ये त्याच्या घरचं काय काय मामांना कळून गेलं, हे गिऱ्हाइकाला ठाऊक नसे.

आबामामा म्हणजे माझ्या आईचे धाकटे भाऊ. तासगावला स्टँडजवळ त्यांची व्हिडिओ लायब्ररी होती. तेव्हा सिनेमा घरी बघायचा तर कॅसेट भाड्याने आणावी लागे आणि बघून झाल्यावर फीत पुन्हा सुरुवातीला गुंडाळून परत करायची, असा सगळीकडे दंडक होता. मामांच्या दुकानात मात्र उलटी पाटी होती, त्यांच्याच हातची: 'कॅसेट आहे तशी परत द्यावी.' लोकांना वाटे, केवढा हा सज्जनपणा. सज्जनपणा होताच, पण कारण वेगळं होतं.

"आरं, गुंडाळून दिली की तोंड धुऊन आलेल्या माणसागत दिसती," ते मला सांगत. "रडला का हसला, काय कळतंय व्हय?"

अर्ध्यावर थांबली म्हणजे पाहुणे आले. शेवट राहिला म्हणजे लाइट गेली. आणि फीत पार शेवटच्या टोकाला गेली असेल तर घरात सगळे झोपले, बंद करायला कुणी जागं नव्हतं. गुंडाळायचं काम ते स्वतः करत, सगळं वाचून झाल्यावर.

मला ह्या थापाच वाटत. आम्ही तेव्हा तासगावातच राहत होतो. वडील फौजेत होते, त्यांनी कॅन्टीनमधून व्हीसीआर आणून दिला होता आणि कॅसेट बदलून आणायचं काम माझ्याकडे होतं. एके दिवशी मी कॅसेट दिली तर मामांनी ती दोनदा उजेडाला धरली. तासाभरात दुकानाला कुलूप लावून ते आमच्या घरी हजर.

"आक्का," ते आईला म्हणाले, "लागोपाठ तीन कॅसेटी वीस मिंटांवर थांबल्यात. काय हुतंय तुला?"

"कुटं काय. कामं असत्यात."

"कामं तीन दिवस एकाच टायमाला येत न्हाईत. खरं सांग."

आईचं डोकं ठणकायचं. पडद्याकडे वीस मिनिटं बघितलं की एका डोळ्यापुढे धूर यायचा. नवरा लांब, पोरं लहान, म्हणून तिने कुणाला सांगितलं नव्हतं. मी तिच्या शेजारीच बसून सिनेमा बघत होतो आणि ती व्हीसीआर बंद करून उठली की 'आता जागा मोठी झाली' म्हणून पाय पसरून झोपत होतो. मामांनी दुसऱ्याच दिवशी तिला मिरजेला डॉक्टरांकडे नेलं. आईचा तो डोळा वाचला. तिने पुढे तीस वर्षं सुईत दोरा स्वतः ओवला.

मग केबल आली, लायब्ररी बंद झाली. मामी गेल्या. मामा तासगावच्या घरात एकटे राहत, खुशीत होते. गेल्या वर्षी त्यांना अर्धांगाचा झटका आला आणि उजवा हात गेला. मिरजेच्या दवाखान्यातून ते सांगलीला आमच्याकडे आले. त्यांचा मुलगा प्रशांत पुण्याला असतो. त्याने सरळ अट घातली. दिवाळीपर्यंत शर्टाची बटणं उजव्या हाताने लावता आली तर तासगाव. नाहीतर कायमचं पुणं, त्याच्याकडे.

"अकराव्या मजल्यावर काय करू मी?" मामा मला म्हणाले. "कबुतरं राखू?"

एवढं असूनही ते व्यायाम करीनात. व्यायाम शिकवणाऱ्या बाईंनी दाबायला रबरी चेंडू दिला, तो पलंगाखाली गेला. "पोरखेळ हाय," म्हणायचे. सगळं डाव्या हाताने चाललं होतं. उजवा मांडीवर ठेवलेला असायचा, दुसऱ्या कुणाचा असल्यासारखा. दसरा जवळ आला होता.

त्याच सुमारास माझी मुलगी मुक्ता हिने कॉम्प्युटरवर एक गेम आणला. त्यात तुम्ही व्हिडिओ कॅसेटच्या दुकानाचे मालक. गिऱ्हाइकं येतात, कॅसेट द्यायची, आलेली परत घ्यायची, गुंडाळायची, मांडायची. मामांना गंमत वाटेल म्हणून मी त्यांच्यासमोर खेळायला बसलो. सत्तावीस वर्षं कचेरीत काढल्यामुळे लोकांना ताटकळत ठेवणं मला चांगलं जमतं, पण गेममधली माणसं ताटकळली की निघून जातात. माझं दुकान तिसऱ्या दिवशी बंद पडलं.

"नव्या कॅसेटी दारातच लावतोस व्हय?" पलंगावरून आवाज आला. "मागं लाव. माणूस आत आलं पायजे." थोड्या वेळाने, "आरं, ती बाई कवापासनं उभी हाय. तिला आधी बघ." आणि शेवटी, "सरक, भाचेबुवा. तुला न्हाई जमायचं."

मुक्ताने माऊस त्यांच्या डावीकडे सरकवून ठेवला. मामांनी तो परत उजवीकडे घेतला.

"आजोबा, डावा सोपा जाईल तुम्हाला."

"डाव्या हातानं गिऱ्हाइकाला वस्तू द्यायची न्हाई, पोरी."

महिनाभर आम्ही सगळे ज्याच्यासाठी डोकं फोडत होतो ते त्या पडद्यावरच्या बाईने केलं. पहिल्या दिवशी माऊसचा बाण गेममधल्या भिंतीवर, छतावर फिरत राहिला. एक कॅसेट देईस्तोवर चहा निवला. पण मामा रोज दहाच्या ठोक्याला, भांग पाडून, दुकानात बसू लागले. गिऱ्हाईक आत असताना शटर ओढायचं नाही, हा त्यांचा जुना नियम होता. जेवण वाढलं तरी ते उठत नसत. "दोन माणसं हायत अजून," म्हणायचे.

एकाच गोष्टीवर त्यांचा राग होता. गेममध्ये न गुंडाळता आलेल्या कॅसेटवर लाल खूण दिसते. मामांनी ती खूण मोठी करून बघितली, चष्मा पुसून बघितली.

"कुटं थांबवलीय ते दिसंना गं."

"ते नसतं आजोबा. नुसती गुंडाळायची."

"मग ह्यो दुकानदार आंधळाच म्हणायचा."

त्यावर त्यांनीच उपाय काढला. लाल खूण आली की आणणाऱ्याचं तोंड बघून अंदाज बांधायचे. हिरव्या टोपीवाला म्हणजे हेडमास्तर, लाल झग्याची ती वैनी. "वैनींची आज बी तशीच आली. पाव्हणे असणार." मुक्ता हसायची, मग हळूहळू तीही विचारू लागली, वैनींकडे आज कोण आलंय.

दिवाळीच्या आधी प्रशांत गाडी घेऊन आला. मामांनी धुतलेला शर्ट घातला आणि आमच्यासमोर उभे राहिले. पहिलं बटण लागलं. दुसरं लागलं. तिसऱ्याला काजाच्या कडेवर बोट तीनदा घसरलं. प्रशांत मदतीला पुढे झाला तशी मुक्ताने त्याची बाही धरली. लागलं तेही. चौथं, पाचवं.

"गळ्याचं राहिलं," प्रशांत म्हणाला.

"ते मी कवाच लावत न्हाई," मामा म्हणाले. "तुझ्या आईला विचार. न्हाई, आता कुटं विचारतोस."

प्रशांतने खिशातून गाडीची किल्ली काढली. मग म्हणाला, "सामान भरतो. तासगावला सोडतो तुम्हाला."

सामान भरेस्तोवर मामा दुकानात बसले होते. खालून हॉर्न वाजला तसे उठले, मुक्ताच्या डोक्यावर उजवा हात ठेवला आणि निघाले.

पुढे वर्षभर ते तासगावच्या घरात राहिले. चहा स्वतः करत, दारात खुर्ची टाकून बसत. गेल्या महिन्यात त्याच खुर्चीत दुपारी गेले. हातात पेपर होता.

दिवस झाल्यावर सांगलीला परतलो तेव्हा मुक्ताने कॉम्प्युटर लावला. आजोबांच्या दुकानाला ती वर्षभर शिवली नव्हती. गेम जिथे सोडावा तिथेच थांबून राहतो. दुकान उघडं होतं. भर सकाळची वेळ, तिघं जण रांगेत, पुढे लाल झग्याच्या वैनी कॅसेट घेऊन हात पुढे करून उभ्या.

"बाबा, असं कसं?" ती म्हणाली. "गिऱ्हाईक असताना ते कधीच उठायचे नाहीत."

मी चष्मा काढला, एक डोळा बारीक करून बघितलं.

"हं," मी म्हणालो.

"हं काय?"

"घरी जायची घाई होती त्यांना."