मोटर ऐकण्यासाठी घेतलेले इअरफोन

राहात्याच्या दुकानदाराने डबी उघडून ते इअरफोन काउंटरवर ठेवले आणि म्हणाला, "ताई, बेस बघा बेस. छाती हलंल." मी म्हटलं, मला गाणी ऐकायची नाहीत, मोटर ऐकायची आहे. तो हसला. त्याला वाटलं मी गंमत करते.

वायरचे, कानात घट्ट बसणारे, ना स्वस्तातले ना भारीतले. रस्त्यावरच्या टोपलीतले जोड मी आधी वापरून फेकले होते, म्हणून या वेळी जरा बरे घ्यायचे ठरवलं होतं. बिनवायरचे नकोच होते. ते पिठात पडले असते तर चाळणी घेऊन शोधत बसावं लागलं असतं.

माझी कोल्हारला पिठाची गिरणी आहे आणि शेत गावाबाहेर. दोन्ही मीच बघते, नवरा कारखान्यात बॉयलरवर असतो. शेतीची लाईट आली की गिरणीत उभ्या उभ्या मोबाईलवरून विहिरीवरची मोटर चालू करायची. स्टार्टरच्या पेटीत सिमकार्ड असतं. तिला फोन लावला की मोटर चालू होते आणि एक बटण दाबलं की पेटीतल्या माईकमधून मोटरीचा आवाज ऐकू येतो. पाणी ओढत असेल तर आवाज जड, भरलेला. विहीर उपसली की तोच आवाज किरटा होतो, खडखडतो. मग ताबडतोब बंद करायची. पाणी तुटलं की मोटर आपोआप बंद पाडणारी सोयही पेटीत होती, पण व्होल्टेज जरा हललं तरी ती मोटर पाडायची, म्हणून मेकॅनिकने काढून टाकली. आमच्याकडे सगळेच काढतात. म्हणजे भिस्त सगळी कानावर, आणि गिरणी चालू असताना नुसत्या फोनमधून काही कळत नाही.

आधीच्या साली एकदा मोटर जळाली होती. तेव्हापासून धाकटे दीर नवऱ्याच्या मागे लागले होते, "दादा, शेत माझ्याकडं दे वाट्यानं. वहिनी गिरणी सांभाळतील." शेत कोणी कसायचं हे आमच्याकडे पाडव्याला ठरतं. नवरा मला म्हणाला होता, पुन्हा मोटर गेली तर मी त्याला नाही म्हणणार नाही. तेव्हा या इअरफोनवर माझं शेत टांगलेलं होतं.

त्यांच्यात बरं काय ते आधी सांगते, ते थोडंच आहे. कानातून पडत नाहीत. झालं. सोबत दिलेली रबरी बोंडं एक तर मोठी, नाही तर बारीक. वायर कानामागून घ्यायची असं डबीवर चित्र होतं. डोक्यावर पदर आणि पदरावर पीठ असलं की ती कशी घ्यायची याचं चित्र नव्हतं. बोलायचा माईक चार दळणांत पिठाने बुजला. आणि तो बेस! बहिणीचा फोन आला की ती रांजणात बसून बोलते आहे असं वाटायचं.

तरी मोटर ऐकू येत होती. छान, भरलेली. मी मनातल्या मनात दुकानदाराला माफही केलं.

फाल्गुनात कांदा पोसायला लागला होता. त्या दिवशी सकाळीच लाईट आली, मी मोटर चालू केली आणि इअरफोन घालून दळणाला लागले. बाजरी, मग गहू, मग परत बाजरी. कानात आवाज जड तो जडच. आज विहिरीला पाणी बरं दिसतंय, असं मला वाटत होतं, तेवढ्यात दीर मोटारसायकल तशीच टाकून आत आले. हातवारे करत होते. मी एका कानातलं बोंड काढलं.

"वहिनी, मोटरीतून धूर निघतोय! खटका पाडून आलो मी."

"आणि पाणी?"

"पानी कवाच तुटलंय, तळ दिसतोय तळ. कानात बुचं घालून शेती व्हती व्हय? लई सुधारल्या तुमी."

माझं लक्ष भलतीकडेच गेलं. दुसऱ्या कानात मोटर अजून चालू होती. तिकडचा खटका पडलेला, फोन कट झालेला, आणि माझ्या कानात ती भरून पाणी ओढत होती. मी फोनमधून पिन उपसली. तरी चालूच. मग वायर बघितली. ती गिरणीच्या सांगाड्याला टेकून खाली आली होती. उचलून हातात धरली आणि आवाज गेला.

सांगाड्याची थरथर वायरीतून चढून कानात येत होती आणि घट्ट बसलेली बोंडं तिला बाहेर जाऊ देत नव्हती. खरी मोटर त्याखाली खडखडून मेली. इतके दिवस मी माझीच गिरणी ऐकत होते.

दीर तिथून थेट कारखान्यावर गेले. संध्याकाळी दोघे भाऊ मिळून गिरणीवर आले. येतानाच बोलणं पक्कं करून आले होते, चेहऱ्यावर दिसत होतं. मी गिरणी चालू केली, नवऱ्याच्या कानात इअरफोन घातले, वायर सांगाड्याला टेकवली आणि पिन मुठीत धरली.

"काय ऐकू येतंय?"

"मोटर. चांगली पानी वढतीय की!"

मी मूठ उघडली. त्याने पिनेकडे बघितलं, मग बोंडं काढून भावाकडे दिली. दिरांनी घातली.

"आयला," ते म्हणाले. मग सावरले. "पन वहिनींनी हे आधी बघायला नको?"

"भाऊजी, तुम्ही ट्रॅक्टरवर गाणी लावून नांगरता. तुमचं इंजिन कधी खडखडलेलं ऐकलंय का तुम्ही?"

नवऱ्याला हसू आलं. दिरांना आलं नाही.

"मोटर गेलीय, दादा," ते म्हणाले. "तू शब्द दिलाय."

"मोटर न्हाई गेली. सील जळालंय. मी बघून आलोय," नवरा म्हणाला. हे त्याने आल्यावर मला सांगितलं नव्हतं. "ती पानी तुटल्यावर बंद व्हायची सोय परत जोडून घे," हे मला. आणि भावाला, "औंदा राहू दे तिच्याकडं."

"आन् पुढं?"

नवऱ्याने इअरफोन त्याच्याकडून घेतले, गुंडाळले आणि माझ्या हातात दिले.

दुसऱ्या दिवशी मी इअरफोन परत करायला गेले. दुकानदाराने ते स्वतःच्या फोनला लावले, एक गाणं ऐकलं, मान डोलावली. "ताई, माल एकदम ओके हाय." त्याच्या दुकानात गिरणी नव्हती, तेव्हा ओकेच असणार. मी डबी तिथेच सोडून आले.

सील बदलेपर्यंत शेजारच्या विहिरीवरून पाइप टाकून कांदा भिजवला. पाडव्याला दीर जेवायला आले, श्रीखंड मागून घेतलं, शेताचं नाव काढलं नाही. मीही आठवण करून दिली नाही. पेटीतली सोय परत जोडून घेतली आहे, तरी शेतीची लाईट आली की आता मी गिरणी बंद करते, बाहेर ओट्यावर बसते आणि फोन उघड्या कानाला लावते. दळणवाल्या बाया खोळंबतात, कुरकुरतात, एकीने तर गिरणी बदलली. जाऊ दे. पीठ दुसरीकडेही मिळतं.