एफीच्या घरातली संध्याकाळ

समुद्रकाठच्या थर्सो गावात एफी स्वान्सनला ओळखत नाही असा माणूस सापडायचा नाही, आणि तिची बोलणी खाल्ली नाहीत असाही. शाळेच्या स्वयंपाकघरात तिचा जन्म गेला. अर्ध्या गावाला तिनं सूप वाढलंय आणि ताटात टाकलं म्हणून झापलंयही. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती. मागं उरलं होतं दगडी घर आणि बैठकीतला तो जुना हीटर, पोटात विटा भरलेला, गाभण गाईसारखा भिंतीला रेलून बसलेला.

रात्रीच्या स्वस्त विजेवर त्या विटा तापायच्या आणि दिवसा ऊब सोडायच्या. सोडायच्या कसल्या, उधळायच्या! सकाळी घर इतकं तापायचं की खिडकी उघडावी लागे. आणि संध्याकाळी, समुद्रावरचं वारं दाराशी येऊन बोंबलायला लागलं की हा गडी थंडगार. मग दिवस कलला की एफी डोक्याला रुमाल बांधून शेजारच्या वॉटी बेनकडे जाई. वॉटी म्हातारा, एकटा, जुना मच्छीमार. त्याच्याकडे कोळशाची शेगडी होती. दोघं पत्ते खेळत, भांडत, आणि जेवणाच्या वेळेला ती घरी परतायची. मी शेकायला येते, असं ती त्याला बजावून सांगायची. तोही मान डोलवायचा.

यंदा नगरपालिकेनं जुने हीटर फुकटात बदलून द्यायची योजना काढली. नवे पातळ, हवं तेव्हा लावा, हवं तेव्हा बंद करा. अख्ख्या गल्लीनं बदलून घेतले. एफी तेवढी अडून बसली. या हीटरवर माझं पाव-पीठ फुगतं, मोजे वाळतात, असं तिनं मोजमाप घ्यायला आलेल्या नगरपालिकेच्या कर्स्टीला ऐकवलं आणि चहा पाजून वाटेला लावलं.

आता खरं सांगायचं तर पीठ कुठंही फुगतं. घर संध्याकाळी गरम राहिलं, तर वॉटीकडे जायचं कोणत्या तोंडानं, हे तिचं दुखणं होतं. या वयात, कारणाशिवाय? गावाच्या तोंडाला कोण हात लावणार!

आणि नेमकं वॉटीच एके दिवशी पत्ते पिसता पिसता म्हणाला, "घे की बदलून, एफी. हट्ट कसला करतेस?"

बाईच्या काळजात चर्र झालं. म्हणजे ह्याला मी नकोशी झाले. ती तो डाव अर्धवट टाकून उठली, आणि पुढचे कितीतरी दिवस ओव्हरकोट घालून आपल्याच बैठकीत कुडकुडत बसली. पण गेली नाही.

शेवटी वॉटीच आला. दोन दारांमधलं अंतर ते काय, पण त्याला धाप लागली होती. ती त्याला बस म्हणाली नाही.

"माझी ब्याद टळावी म्हणून बोललास ना?" तिनं सरळच विचारलं.

"वेडी आहेस. कोळशाची बादली उचलवत नाही आता मला. तू यायच्या आधी चार-चार कोळसे हातानं नेऊन शेगडी पेटवतो, त्यातच दुपार जाते. तुझं घर गरम झालं तर मीच तुझ्याकडे येऊन बसेन म्हटलं."

"मग इतके दिवस बोलला का नाहीस, मेल्या?"

"बोललो असतो तर तू माझी कीव करून येणं बंद केलं असतंस."

एफीनं त्याला न झापता आपली खुर्ची त्याच्याकडे सरकवली. थर्सोत हे कुणाला सांगूनही पटायचं नाही. तिचे डोळे भरून आले होते, आणि त्याचा तिला रागही आला होता.

"उद्या सकाळी कर्स्टीला फोन करते," ती म्हणाली. "आणि तू येताना तुझी खुर्ची घेऊन ये. माझ्याकडे धड एकच आहे."