गाडी चालू आहे, पण कोंबडी बसली आहे

एखाद्या स्टाफरूममध्ये पुस्तकं साठतात, आमच्या स्टाफरूममध्ये गाड्यांचे किस्से साठलेत. शाळा डोळखांबच्या रस्त्याला. सकाळची एसटी चुकली की दुपारशिवाय दुसरी नाही. त्यामुळे इथे नोकरी पक्की झाली की माणूस आधी गाडी बघतो, बाकीचा संसार नंतर. गाडी अर्थातच सेकंडहँड. नवी कोरी गाडी घेणाऱ्याकडे सांगण्यासारखं काही नसतं, आमच्याकडे मात्र रग्गड आहे. मधल्या सुट्टीत डबे उघडले की कुणीतरी सुरू करतं, आणि दहादा ऐकलेलं आम्ही अकराव्यांदा ऐकतो.

*

गणिताचे निमसे सर आटगावचे. त्यांच्या पहिल्या गाडीला रिव्हर्स गिअर पडायचा नाही. सरांनी हिशेबी डोक्याने विचार केला, की रस्ताच असा धरायचा, मागे यायची वेळ येऊ नये. गाडी लावायची ती गोल फिरून बाहेर निघता येईल अशीच. दीड वर्ष त्यांनी हे निभावलं.

मग मुरबाडला मुलगी बघायला गेले. बरोबर आई आणि मामा. पत्ता विचारत विचारत एका बोळात शिरले. बोळ जिथे संपला तिथेच मुलीचं घर, आणि पुढे भिंत. पोहे झाले, चहा झाला, बोलणीही बरी झाली. निघताना सर गाडीत बसले आणि नुसतेच बसून राहिले. शेवटी मामांनी खाली उतरून मुलीच्या वडिलांना बाजूला घेतलं आणि हळूच सांगितलं. मग वडील, दोन काका आणि शेजारचा गिरणीवाला, अशा चौघांनी बॉनेटला हात लावून गाडी बोळाबाहेर ढकलत नेली. सर आत स्टिअरिंग धरून, मान मागे वळवून. मुलगी खिडकीतून बघत होती.

दुसऱ्या दिवशी होकाराचा फोन आला. लग्नानंतर सरांनी बायकोला विचारलं, की तू तेव्हा हो कशी म्हणालीस. ती म्हणाली, "ज्याला मागं फिरताच येत नाय, तो मला सोडून जाईल कुठं?"

*

चित्रकलेचे भोईर सर शेणव्याचे. त्यांच्याकडे जुनी व्हॅन होती. दिवाळीच्या सुट्टीत ती पंधरवडाभर अंगणात उभी होती, मागचा दरवाजा नीट लागत नव्हता. सुट्टी संपली त्या सकाळी सर चावी घेऊन निघाले, तर मागच्या सीटवर त्यांच्या बायकोची लाडकी कोंबडी अकरा अंड्यांवर बसलेली.

सर तिला उचलायला गेले. वहिनींनी त्यांचा हातच धरला. गाडी हलली तर अंडी वाया जातील, पिल्लं निघेपर्यंत गाडी जागची हलणार नाही, असं त्यांनी स्वच्छ सांगितलं. त्या दिवशी सर एका दुधवाल्याच्या मागे बसून पाऊण तास उशिरा आले. आमच्याकडे उशिरा येणाऱ्यासाठी रजिस्टर आहे, त्यात कारण लिहावं लागतं. सर खोटं बोलत नाहीत. त्यांनी लिहिलं, "गाडी चालू आहे, पण कोंबडी बसली आहे."

पुढच्या दिवसापासून त्यांनी नुसतं "वरीलप्रमाणे" लिहिलं. पिल्लं बाहेर येईपर्यंत.

*

मुख्याध्यापक वेखंडे सर मराठीचे. त्यांनी पांढरी गाडी घेतली आणि खिडक्यांना हौसेने पडदे लावले. गाडी घेतल्यावर पहिल्याच रविवारी एका विद्यार्थ्याच्या घरी निघाले आणि वाट चुकून भलत्याच पाड्यावर पोचले. गाडी थांबताच चारजण धावत आले. एकाने दार उघडलं आणि सरांना जवळजवळ ओढतच गोठ्यात नेलं. गाय अडली होती. सकाळपासून गुरांच्या डॉक्टरांना फोन चालू होते, आणि पांढरी, पडद्यांची गाडी म्हणजे सरकारी, म्हणजे डॉक्टरच आले.

सरांनी सांगून बघितलं, की मी मराठी शिकवतो. एक म्हातारी म्हणाली, "शिकवा नंतर, आधी पाय धरा."

सरांनी पाय धरले. म्हातारी सांगेल तसं ओढलं. वासरू सुखरूप झालं. अजूनही त्या पाड्यावरचे पालक शाळेत आले की विचारतात, डॉक्टर कुठं बसतात?

*

आता माझं. मी विज्ञान शिकवते, राहते शहापूरजवळच्या एका गावात. माझी पहिली गाडी छोटी, लाल. मुरबाडला नणंदेच्या मुलाचं लग्न होतं, म्हणून सासूबाई, त्यांच्या दोन बहिणी आणि जाऊबाईंना मीच घेऊन निघाले. नवऱ्याला रजा नव्हती. गाडीची पूजा करून दोनच दिवस झाले होते. सासूबाईंनी घराच्या दाराशीच चपला काढल्या आणि मग गाडीत पाय ठेवला. त्यांचं बघून तिघींनीही काढल्या. मी आरसे, क्लच, गिअर यांतच गुंतलेली, माझं लक्षच नव्हतं.

मुरबाडच्या मांडवात चौघी अनवाणी उतरल्या. पण खरा घोळ घरी झाला.

आमच्या दाराला लॅच आहे, बाहेरून कुलूप दिसत नाही. शेजारच्या काकूंनी बघितलं तर दार बंद आणि बाहेर ओळीने चार जोड चपला. म्हणजे माणसं आत आहेत. त्यांनी हाका मारल्या. उत्तर नाही. दार वाजवलं. उत्तर नाही. माझा फोन पर्समध्ये, मांडवात बँड. आम्ही संध्याकाळी परतलो तेव्हा अंगणात निम्मा गाव जमला होता, दाराचं लॅच उचकटलेलं होतं, आणि काकू आमच्याच ओटीवर बसून रडत होत्या. आम्हाला धडधाकट बघून त्यांनी आधी डोळे पुसले, मग त्या चिडल्या. त्या दिवसापासून दोन महिने त्या आमच्याशी बोलल्या नाहीत.

*

ढवळूमामा आमच्या शाळेचे शिपाई. डोंगरातल्या पाड्यावरचे. मागच्या वर्षी रिटायर झाले आणि त्यांनी भाच्याची जुनी गाडी घेतली. मामांना गाडी येत नाही. घरात कुणालाच येत नाही. भाच्याने ती खळ्यावर आणून उभी केली आणि तो परत गेला. आम्हाला कळलं तेव्हा स्टाफरूममध्ये आठवडाभर हसणं चाललं होतं.

मग एका शनिवारी वेखंडे सर, भोईर सर आणि मी त्यांना भेटायला गेलो. ऊन उतरलं होतं. गाडी खळ्यावरच होती, पुसून लख्ख. मामा स्टिअरिंग धरून बसले होते, शेजारी मामी, डोक्यावरून पदर घेऊन, मांडीवर पिशवी. चारही काचा खाली. आम्हाला बघून मामा लाजले आणि घाईने उतरले. रोज या वेळेला बसतो जरा, म्हणाले, तिला कुठं कुठं जायाचं असतं.

चहा पिताना भोईर सरांनी मामींना विचारलं, माहेर कुठलं तुमचं? उत्तर मामांनीच दिलं. तिचं गाव धरणात गेलं. लग्न झालं त्याच्या पुढच्याच वर्षी.

वेखंडे सर कप ठेवून उठले. मामांकडे चावी मागितली आणि म्हणाले, चला मामी, मी गाडी चालवतो, धरणाच्या काठापर्यंत तरी जाऊन येऊ, उजेड आहे तोवर.

मामी पिशवीतून मुठीने शेंगा काढून आमच्यापुढे ठेवत होत्या. त्यांनी वर बघितलं आणि म्हणाल्या, "आज नको, सर. आत्ताच जाऊन आलो."