बारशाचे लुगडे आणि राजीनामा

नातवंडांनो, त्या प्रकरणाला पन्नास वर्षे होत आली, तरी ते माझ्या मनातून गेलेले नाही. तेव्हा मी वाशीमला फौजदार होते. बाई फौजदार पाहायला लोक ठाण्यासमोर उगाच रेंगाळत.

एके सकाळी कापसाच्या जिनिंग कारखान्यातली एक कामगार बाई तान्ही मुलगी घेऊन आली. नवरा वारलेला. छातीच्या दुखण्याने तिला धड उभेही राहवत नव्हते. बाळंतपणाआधी रजेचा अर्ज म्हणून मॅनेजरने एका कागदावर तिचा अंगठा घेतला होता. कागद निघाला राजीनाम्याचा. रजेवरची बाई नोकरीतच असते, तिच्या पेन्शनची जबाबदारी मालकावर राहते. राजीनामा दाखवला की ती जबाबदारी संपते, आणि तिच्यामागे मुलीला मिळायचे निवृत्तिवेतनही बुडते.

फिर्याद नोंदवली. मॅनेजर म्हणे, तिने नोकरी खुशीने सोडली. अंगठाही तिचाच. फसवल्याचा पुरावा काय?

सोबत आलेली तिची मैत्रीण जाता जाता म्हणाली, "बाईसाहेब, नोकरी सोडली म्हन्ते, मंग पोरीच्या बारशाले मालकाचं लुगडं कायले आलं?"

मॅनेजरला जबाबासाठी बोलावले. राजीनाम्याबद्दल तो तोलून बोलत होता. मी विषय बदलला. माणूस लबाडी जपून सांगतो. चांगुलपणा सांगताना सैल सुटतो.

"तुमचे मालक कामगारांची फार काळजी घेतात म्हणे."

"घेतात म्हंजे? कामावरच्या बाईच्या घरी बारसं असलं का लुगडं जातेच. इच्या घरी तं मीच नेऊन देल्लं."

"नोकरी सोडलेल्या बायकांनाही देता?"

"त्याह्यले कायले? साऱ्या वाशीमले लुगडे वाटत बसू काय?"

जबाब लिहिणाऱ्या हवालदाराने मान वर केली. मॅनेजरने पाणी मागितले.

संध्याकाळी मालक स्वतः ठाण्यात आला. तिथे बसलेल्या त्या बाईपुढे त्याने नोटा ठेवल्या. "घे बाई, मिटव आता."

तिने हातही लावला नाही. "हे सरतीन, मालक. मी बी सरीन. मंग माह्या पोरीले कोन देईन? माही नोकरी होती तशी लिवून द्या."

मालकाने राजीनामा रद्द केल्याचे लिहून दिले, रजेतला पेन्शनचा हिस्साही भरला. फसवणुकीचा खटला पुढे कोर्टात चालला.

काही वर्षांनी नोकरीत असतानाच ती गेली. मुलगी आजीकडे वाढली, आणि पेन्शन दर महिन्याला येत राहिली.

स्वतःच्या जिवासाठी धडपडणारी माणसे मी ठाण्यात रोज पाहिली. आपण नसू त्या दिवसांसाठी इतक्या शांतपणे भांडणारी बाई मात्र ती एकच पाहिली.